बेल वाजली की भुंकणारा कुत्रा: खाऊ देऊन शिकवण्याची पद्धत, पायरीपायरीने

दाराची बेल वाजते. कुत्रा भुंकत दाराकडे धावतो, घरातले तिघे एकाच वेळी "गप्प! गप्प बस!" म्हणून ओरडतात, दार उघडतं, पार्सलवाला पाकीट देतो आणि लिफ्टकडे वळतो. आपल्या लेखी हा गोंधळ. कुत्र्याच्या लेखी मोहीम फत्ते: मी भुंकलो, घरचेही माझ्या जोडीला भुंकले आणि तो अनोळखी माणूस पळून गेला. दिवसातून पाच-सहा वेळा हे घडतं आणि दर वेळी माणूस जातोच. इतका पक्का पगार मिळणारं काम कोण सोडेल?

ज्या वागण्यानंतर प्राण्याला हवं ते मिळतं, ते वागणं वाढतं. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांना कडीच्या पेट्यांत ठेवून केलेल्या प्रयोगांतून हे मांडलं, पुढे बी. एफ. स्किनरने उंदीर आणि कबुतरांवर त्याचा कसून अभ्यास केला. फ्लॅटमधल्या कुत्र्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की नको त्या वागण्याचा पगार बंद करायचा आणि त्याच प्रसंगी हव्या त्या वागण्याला चढा पगार सुरू करायचा. बहुतेक घरांत फक्त पहिला अर्धा भाग होतो. "भुंकू नको" हे कुत्र्याला कळत नाही, कारण भुंकायचं नाही तर मग काय करायचं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

आधी पगार कुठून मिळतोय ते शोधा

तीन दिवस एक वही हाताशी ठेवा. कुत्र्याने नको ते केलं की तीन रकाने भरायचे: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. "मुद्दाम करतो", "राग काढतो" असली मतं लिहायची नाहीत. कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच.

तिसऱ्या दिवशी शेवटचा रकाना वाचा. जेवताना ताटाशी केविलवाणं तोंड करून बसतो. आजी हळूच पोळीचा तुकडा टाकतात. आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारतो. माणूस दोन्ही हातांनी ढकलतो, आणि कुत्र्याच्या हिशेबी ही मस्त कुस्ती असते. पट्टा ओढतो, विजेच्या खांबापर्यंत पोचतो. बाल्कनीतून मांजरावर भुंकतो; मांजर निघून जातं. म्हणजे पगार चार तऱ्हांचा: खाणं, लक्ष, हव्या जागी पोचणं आणि नकोशी गोष्ट दूर होणं. हा चौथा प्रकार वहीत भरपूर सापडतो आणि लोकांच्या ध्यानात सर्वांत कमी येतो. बेलवर भुंकणारी बरीच कुत्री शूर नसतात, घाबरलेली असतात.

घाबरलाय की नुसता चेकाळलाय, हे अंगावरून ओळखा. शेपूट हलतंय म्हणजे खूश, हा गैरसमज आहे. ताठ उभारलेलं, भराभर थरथरणारं शेपूट, मिटलेलं तोंड आणि पुढे झुकलेलं अंग ही चांगली लक्षणं नव्हेत. समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, मान वळवून डोळ्याच्या कडेने बघणं (मग डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो) हे सगळं "मला जरा लांब राहू द्या" असं सांगणं आहे. आणि शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला असेल तर शिकवणी बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडे जा. कान, दात किंवा सांधा दुखत असेल तर कुठलाही खाऊ उपयोगाचा नाही.

इथे एक जुनं खूळ निकालात काढलेलं बरं. कुत्र्याला "बॉस कोण" हे दाखवावं लागतं, त्याला उताणा पाडून धरावं लागतं, ही समजूत पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांतून आली. हा विचार लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेसाठी भांडणारी टोळी नव्हे. पेपरची सुरळी करून मारलं तर कुत्रा गप्प बसतो, हे खरं. पण जो गुरगुरल्यावर मार खातो तो गुरगुरणं सोडतो, घाबरणं सोडत नाही. मग एक दिवस तो सूचना न देता चावतो आणि घरचे म्हणतात, "अचानकच चावला हो." प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत सुचवली आहे, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा.

खाऊ: काय, केवढा, किती

दोनशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन साध्या पाण्यात पूर्ण शिजेपर्यंत उकळा. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. गार झालं की मटाराच्या दाण्याएवढे तुकडे करा. अडीचशेच्या आसपास होतील. दोन दिवसांपुरते फ्रिजमध्ये, उरलेले छोट्या डब्यांतून फ्रीजरमध्ये. तुकडा मटाराएवढाच का? कारण तो न चावता गिळला जातो आणि कुत्रा लगेच पुढच्या खेपेला तयार असतो. बिस्किट दिलं की दहा सेकंद कुरुमकुरुम, मग जमिनीवरचा चुरा शोधणं, आणि तोवर आपण काय शिकवत होतो ते दोघेही विसरलेले. शिवाय ग्लुकोजच्या बिस्किटात साखर असते ती वेगळीच.

शाकाहारी घरात पनीर उत्तम चालतं, मात्र काही कुत्र्यांना दुधाचं पचत नाही, म्हणून पहिल्या दिवशी चार-पाच तुकड्यांवर थांबा. उकडलेलं रताळं, गाजर, काकडी हे घरातल्या सोप्या कामांना पुरतं. भाकरीचा तुकडाही घरात चालून जातो; रस्त्यावर, समोर दुसरा कुत्रा उभा असताना, भाकरीला कोण विचारतो? काम जितकं अवघड, तितका पगार चढा.

मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगम किंवा पीनट बटर कुत्र्यांना विषारी आहेत. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. घरात प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात, हे मुलांना मुद्दाम सांगून ठेवा.

आता मोजमाप. वरचा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांत बसला पाहिजे. पंधरा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ८५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे खाऊच्या वाट्याला ८० ते ८५, आणि उकडलेल्या चिकनमध्ये ते झाले ५० ग्रॅम: शंभरेक तुकडे. पनीर असेल तर जेमतेम २५ ग्रॅम. शिकवणी जास्त असेल त्या दिवशी जेवणातून तेवढं कमी करा, नाहीतर दोन महिन्यांत कुत्रा शहाणा होईल आणि लठ्ठही.

खाऊ कमरेच्या पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर तिचा चुरचुर आवाज हीच कुत्र्याची आज्ञा होऊन बसते, आणि पिशवी नसली की तो ओळखही दाखवत नाही.

खूण

कुत्रा खाली बसला. तुम्ही "व्वा, शहाणं बाळ ते" म्हणत पिशवीत हात घातला, तुकडा शोधला, दिला. तोवर चार सेकंद गेले. कुत्रा उठला, कान खाजवला आणि मग त्याला खाऊ मिळाला. त्याच्या मते पगार कान खाजवण्याचा आहे. म्हणून एक खूण लागते, छोटी आणि नेहमी एकसारखी: क्लिकर (दाबलं की टक् वाजणारी छोटी डबी), किंवा टाळूला जीभ लावून काढलेला "टॉक" असा आवाज. तिचा अर्थ "हे! आत्ता केलंस ना, त्याचे पैसे येताहेत." कॅरन प्रायर १९६० च्या दशकात हवाईत डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत होत्या. पाण्यातल्या डॉल्फिनला ना पट्टा बांधता येतो, ना दाबून बसवता येतं. तिथे खुणेवाचून गत्यंतरच नव्हतं.

खुणेला अर्थ असा द्यायचा: शांत खोलीत "टॉक", आणि एका सेकंदाच्या आत तुकडा. पंधरा-वीस वेळा. संध्याकाळी पुन्हा. कुत्रा दुसरीकडे बघत असताना "टॉक" म्हटल्यावर त्याने झटकन मान वळवली की खूण पक्की झाली. नियम दोनच. आधी आवाज, मग हात हलवायचा. हात आधी हलला तर कुत्रा आवाज ऐकतच नाही, हाताकडे बघतो. आणि खूण चुकून वाजली तरी खाऊ द्यायचाच. एकदा चेक वटला नाही की पुढच्या चेकवर भरवसा राहत नाही.

वेळ साधायचा सराव कुत्र्याविना करा. घरातल्या कुणीतरी चेंडू टाकायचा, तो फरशीला टेकताक्षणी तुम्ही "टॉक" म्हणायचं. पहिल्या दहांत बहुतेकांचा आवाज उशिरा निघतो. ते चेंडूवर कळलेलं बरं.

शब्द निवडताना मराठी घराची अडचण

"बस" हा शब्द आपल्या घरात दिवसभर फिरत असतो. "बस झालं", "बस आली का?", "बस ना जरा, चहा टाकते." "ये"चंही तेच. जो शब्द पन्नास वेळा कानावर पडतो आणि पन्नासदा त्यातून काहीच निष्पन्न होत नाही, तो कुत्रा कानाआड करायला शिकतो. अनेक घरांत "सिट"ला कुत्रा बरा प्रतिसाद देतो तो एवढ्यासाठीच. इंग्रजीचं त्यात कौतुक काही नाही. "खाली", "जागेवर", "सोड" हे शब्द चालतील. कुठलाही घ्या, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा आणि एकदाच उच्चारायचा. "खाली, खाली, अरे खाली ना" असं म्हणत राहिलात तर कुत्रा तिसऱ्या "खाली"ची वाट बघायला शिकतो.

शब्द शेवटी येतो. आधी कृती जमवा. बसायला शिकवायचं तर तुकडा नाकाशी धरा आणि हळूच वर-मागे, डोळ्यांच्या मधून कपाळाकडे न्या. नाक वर जातं, बूड खाली टेकतं. टेकताक्षणी "टॉक", मग तुकडा. तीन-चार वेळा असं झालं की हात रिकामा, हालचाल तीच. खाऊ दुसऱ्या हातातून किंवा पिशवीतून. हात रिकामा करायला उशीर केलात तर पुढे आयुष्यभर तुकडा दाखवल्याशिवाय बूड टेकत नाही. दहापैकी आठ वेळा बसायला लागला की हात हलवण्याच्या क्षणभर आधी "खाली" म्हणायला सुरुवात करा. तो उडी मारत असेल तर तुमचा हात फार उंच आहे. मागे मागे सरकत असेल तर त्याची पाठ भिंतीकडे ठेवा. आणि बसता बसता उठत असेल तर फरशी बघा: गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर त्याचे मागचे पाय घसरतात. सतरंजी टाकली की हा "हट्टीपणा" पाच मिनिटांत जातो.

बेल आणि सतरंजी

आता मूळ दुखणं. भुंकत दाराशी धावण्याच्या जागी दुसरं काम द्यायचं: बेल वाजली की सतरंजीवर जाऊन बसणं. दोन-अडीच फुटांची सतरंजी घडी करून दारापासून तीन मीटरवर टाका, जिथून दार दिसतं पण उडी पोचत नाही.

पहिले दोन-तीन दिवस फक्त सतरंजी गोड करायची. कुत्रा तिच्याकडे बघितला, "टॉक", तुकडा सतरंजीवर. एक पाय ठेवला, तुकडा सतरंजीवर. मग दोन पाय, मग चार. तुकडा नेहमी सतरंजीवरच, पुढच्या दोन पायांच्या मध्ये. हातातून, तेही तुमच्या पायाशी दिलात तर तो सतरंजी सोडून तुमच्याकडे येत राहील, कारण पगार जिथे मिळतो तिथेच माणूस घुटमळतो आणि कुत्राही. एका वेळी दोन मिनिटं, बारा-पंधरा तुकडे, दिवसातून तीन-चारदा. संपलं की "चल" म्हणून सतरंजी उचलून ठेवा.

मग वेळ वाढवा. सेकंदांचा क्रम असा काहीसा ठेवा: १, ३, २, ५, १, ८, ४, १०, २, १५. दर वेळी वाढवतच नेलं तर कुत्र्याला कळतं की पुढचं अवघडच असणार, आणि तो काढता पाय घेतो. उठून गेला तर रागवू नका. दहा सेकंद काही बोलू नका, परत आला की लगेच पैसे देऊ नका, पाच सेकंद बसू द्या आणि मग द्या. परत येताक्षणी दिलात तर तो "उठायचं, फेरी मारायची, परत यायचं, खाऊ" असा अख्खा कार्यक्रम बसवतो. कुत्री असले कार्यक्रम फार लवकर बसवतात.

अर्ध्या मिनिटापर्यंत पोचल्यावर तुम्ही हला. दाराकडे एक पाऊल, परत येऊन सतरंजीवर तुकडा. तीन पावलं. कडीला हात. कडीचा आवाज. दार दोन इंच उघडून बंद. दर वेळी मागे येऊन पैसे चुकते करायचे. इथे कंटाळा येतो आणि लोक कडीवरून थेट "पाहुणे आत"वर उडी मारतात. हे करू नका. मोजायची सोपी रीत: दहा खेपांपैकी आठ बरोबर आल्या तरच पुढची पायरी, पाच किंवा कमी आल्या तर एक पायरी मागे, सहा-सात आल्या तर तिथेच आणखी दहा खेपा.

आता बेल. तुमच्याच दाराची बेल फोनवर रेकॉर्ड करा. आवाज इतका बारीक ठेवा की कुत्र्याचा कान हलेल पण तो उठणार नाही. बेल, लगेच सतरंजीवर चार-पाच तुकड्यांची उधळण. पुन्हा. दहा खेपा, दिवसातून दोनदा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बेल वाजल्यावर दाराकडे न बघता तो सतरंजीकडे बघायला लागेल. हीच ती जागा: आता बेल हीच आज्ञा झाली, "जागेवर" म्हणायचीही गरज उरत नाही. आवाज थोडा वाढवा. मग घरातल्याच कुणाला तरी बाहेर उभं करून खरी बेल, आणि तिला पगार सर्वांत चढा. मग शेजारी, आधी ठरवून, आत न येता. मग आत येणारे.

या सगळ्याला चार ते सहा आठवडे धरा. तोवर खऱ्या बेला वाजतच राहणार, आणि प्रत्येक खऱ्या बेलवर केलेलं भुंकणं म्हणजे जुन्या सवयीचा रियाज. म्हणून तात्पुरती सोय हवी. बेलचं बटण बंद करून दारावर चिठ्ठी लावा: "बेल बंद आहे, फोन करा." पार्सलच्या ॲपमध्ये "पाकीट दाराबाहेर ठेवा" ही सूचना टाका. कचरा न्यायला येणाऱ्यांची वेळ ठरलेली असते, त्या दहा मिनिटांत कुत्रा आतल्या खोलीत, सोबत चाटायला दही फासलेली ताटली. ही पळवाट नव्हे. निम्मं काम ह्या सोयीनेच होतं.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त दोन ठिकाणी. एक: कुत्रा आधी भुंकतो, मग सतरंजीवर जातो, आपण कौतुकाने खाऊ देतो. पाच दिवसांत "भुंक, पळ, बस, खा" ही मालिका तयार. बेलचा आवाज कमी करा आणि न भुंकता गेल्याच्याच खेपांना भरपूर पैसे द्या. दोन: दुसऱ्या आठवड्यात भुंकणं अचानक वाढतं. पूर्वी मिळायचा तो पगार थांबला की कुत्रा आधी जोर लावून बघतो, लिफ्ट येईना म्हणून आपण बटण पाच वेळा दाबतो तसा. इथेच घरचे हात टेकतात आणि जुनी ओरडाआरड सुरू करतात. नेमकं तेव्हा ओरडलात तर कुत्रा शिकेल की जास्त जोरात भुंकलं की पगार मिळतो.

घरकामाला येणाऱ्या मावशींना कुत्र्याची भीती वाटत असेल तर "तुम्हीच खाऊ घाला ना, काही करत नाही तो" असा आग्रह धरू नका. घाबरलेल्या माणसाचा हात झटकन मागे जातो आणि त्या हातामागे कुत्रा झेपावतो. त्या आत येईपर्यंत पट्टा तुमच्या हातात, कुत्रा सतरंजीवर.

उड्या, पट्टा आणि लिफ्ट

उड्यांचं थोडक्यात. हात, आवाज आणि नजर हे तिन्ही पगार आहेत. "खाली उतर" म्हणून ढकलणं हासुद्धा. पाहुणा आत येण्याआधी जमिनीवर तुकडे टाका, डोकं खाली जातं. चारही पाय जमिनीवर असतानाच पाहुण्याने बोलायचं, उडी मारली की वळून उभं राहायचं. एकाच घरात बाबा उड्यांचे लाड करत असतील आणि आजी पडत असतील, तर आधी बाबांना शिकवा.

पट्टा सहा फुटी, साधा. ओढला की लांब होणारा गुंडाळीचा पट्टा नको. त्याच्यात ओढणं हीच लांबी मिळवायची रीत असते. गळपट्ट्यापेक्षा हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) बरा, छातीवर कडी असलेला मिळाला तर आणखी बरा. सुरुवात खाली पार्किंगमध्ये, रस्त्यावर नाही. तुमच्या डाव्या मांडीच्या शिवणीशी कुत्र्याचं नाक आलं की "टॉक", तुकडा तिथेच, शिवणीला लावून. दर दोन पावलांना एक. मग तीन, एक, पाच. पट्टा ताणला की थांबा. सैल झाला की चला. नुसतं थांबणं पुरत नाही, सैल पट्ट्याचे पैसे दिलेच पाहिजेत. पण रस्त्यावरचा सगळ्यात मोठा पगार आपल्या पिशवीत नसतोच. तो खांबाच्या बुडाशी असतो. दहा पावलं सैल पट्ट्याने चालला की "जा, हुंग" म्हणून खांबाकडे सोडा. पैसे वाचतात आणि कुत्र्याचं फिरणं सार्थकी लागतं.

गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. कोपऱ्यावर ती उभी दिसली की सरळ त्यांच्यावर चालून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. त्यासाठी वळणं आधी पार्किंगमध्ये शिकवून ठेवा: "चल मागे", वळा, तुकडा. रोज पाच वेळा. ऐनवेळी शिकवायला गेलात तर पट्टा ताणला जातो, आणि ताणलेल्या पट्ट्यावरचा कुत्रा समोरच्याला भांडखोर दिसतो.

लिफ्टमध्ये कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये. दार उघडताना तुकडे जमिनीवर. कुणी आत येताना बिचकलं तर ती लिफ्ट जाऊ द्या.

बोलावलं की येणं

यासाठी अगदी कोरा शब्द घ्या. गावाकडचं "यू-यू-यू" अजूनही नंबर एक आहे: उंच, लांब जाणारं आणि घरात एरवी कुणी न उच्चारणारं. पहिले दहा दिवस हा शब्द फक्त घरात, कुत्रा दोन मीटरवर असताना, आणि येईलच अशी खात्री असतानाच. आला की एक तुकडा देऊन मोकळं व्हायचं नाही. एकामागून एक असे दहा-बारा, अर्धा मिनिट, बोलत, खाजवत. मग दुसऱ्या खोलीतून. मग गच्चीवर किंवा बंद फाटकाच्या मैदानात, हार्नेसला आठ-दहा मीटरची सुती दोरी बांधून (गळपट्ट्याला नको, झटका मानेला बसतो).

आंघोळ, नखं कापणं, औषध, खेळ संपवणं यासाठी हा शब्द कधीही वापरू नका. तेव्हा उठून त्याच्यापाशी जा. मैदानात दहादा बोलावलंत तर नऊ वेळा खाऊ देऊन परत खेळायला सोडा. ज्या कुत्र्याला बोलावणं म्हणजे खेळ खलास असा अनुभव आहे, तो हाताच्या अंतरावर येऊन हुलकावणी देतो. अर्ध्या तासाने आला तरी रागवायचं नाही. तो रागवणं "उशिरा आलो" याच्याशी जोडत नाही, "आलो" याच्याशी जोडतो.

ढोल, फटाके आणि भीती

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं, खाऊ दिला तर भीती वाढते, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. भीती ही ठरवून केलेली कृती नाही, ती खाऊने बळावत नाही. उलट क्रम नीट जमला तर कमी होते. आधी आवाज, मग चिकन. उलटा क्रम लावलात, म्हणजे चिकन दिलं आणि मग फटाका वाजला, तर काही कुत्री चिकनलाच घाबरायला लागतात.

जून-जुलैपासून सुरुवात करा, म्हणजे गणपती आणि दिवाळी दोन्हींच्या आधी वेळ मिळेल. फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक, दहा आवाज, दहा तुकडे, मग बंद. दर दोन-तीन दिवसांनी आवाज चिमूटभर वाढवा. कुत्र्याने खाणं थांबवलं तर आवाज फार झाला. खाणं हाच इथला थर्मामीटर. ढोल-ताशाचा छातीत घुमणारा दणका फोनच्या स्पीकरमधून येत नाही, म्हणून रेकॉर्डिंगवर निर्धास्त राहू नका. मिरवणुकीच्या दिवशी रस्त्याकडच्या खोलीऐवजी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा. जो कुत्रा दरवर्षी थरथरतो, लाळ गाळतो, खात नाही, त्याच्यासाठी दिवाळीच्या महिनाभर आधी पशुवैद्याशी बोला. भीतीवरची औषधं आहेत आणि ती आधी थोडी देऊन बघावी लागतात. घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. त्या दिवसांत फिरणं अंधार पडायच्या आत, गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घालून, आणि गळपट्ट्यावर फोन नंबर. आवाजाला बिचकून हार्नेसमधून मागे निसटणारी कुत्री थोडी नसतात.

ताटलीवर गुरगुरणाऱ्या कुत्र्याची ताटली "सवय व्हावी" म्हणून काढून घेऊ नका. त्याची शंका खरीच ठरते. लांबून जाता जाता ताटलीपेक्षा चांगलं काहीतरी त्यात टाका आणि चालते व्हा. आधी चावा झालेला असेल, किंवा घरात लहान मूल असेल, तर हे घरच्या घरी करू नका. वर्तनाची जाण असलेला पशुवैद्य गाठा.

खाऊ कधी कमी करायचा

कृती घरात, पार्किंगमध्ये आणि रस्त्यावर, तिन्हीकडे दहापैकी आठ वेळा जमायला लागली की. त्याआधी नाही. एकदम बंदही करायचा नाही. दोनदा मिळाला, एकदा नाही, मग लागोपाठ तीनदा, मग दोनदा नाही. आजी पोळीचा तुकडा रोज देत नाहीत, आठवड्यातून एखाद्या वेळी देतात, आणि तरीही कुत्रा रोज ताटाशी हजर असतो. ज्याने ती सवय इतकी घट्ट केली, तोच हिशेब आता तुम्ही वापरायचा. खाऊच्या जागी हळूहळू रोजच्याच गोष्टी आणा: बसला की दार उघडतं, थांबला की पट्टा लागतो, सोडला की चेंडू उडतो.

बेलसाठी मात्र वर्षभर तरी सतरंजीजवळच्या फळीवर झाकणाचा डबा असू द्या, आणि दारावरची चिठ्ठी सलग दोन आठवडे एकही भुंकणं न होता गेल्यावरच काढा.